आडनाव विचारणारी खिडकी

(अकोल्यातल्या युवक बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



मी इंजिनियर नाही. मॅट्रिक पास आहे. मुंबईला गोदीत माल चढवतो-उतरवतो आणि रात्री कविता लिहितो. पण आज कविता वाचणार नाही. अमरावतीच्या पोरांनी बजावून सांगितलंय, "भाऊ, कविता मंग वाच, आधी आमच्या डबड्यांचं काहीतरी सांग." डबडी म्हणजे कॉम्प्युटर. तिकडं फ्रेजरपुऱ्यातल्या अभ्यासिकेत चार आहेत, इकडं अकोट फैलात तीन. कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेली, कोणीतरी देणगी म्हणून दिलेली. पंखा घरघरतो, पडदा पिवळा पडलाय, पण चालू होतात. चालू होतात आणि मग त्या पिवळ्या पडद्यावर एक वाक्य येतं: तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या.

मी आज या एकाच वाक्यावर बोलणार आहे. हे वाक्य कोण कोणाला म्हणतं? ते कधी खरं असतं, आणि कधी नुसती मुजोरी असते? या दोन्हींतला फरक ज्याला कळला त्याला सातही डबडी वापरता येतील. ज्याला नाही कळला तो एक तर घाबरून मशीन भंगारात घालील, नाहीतर उगाच हट्टानं धोक्यात पडेल.

कोणी म्हणेल, चळवळीच्या बैठकीत हे काय? तर ऐका. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्या काळी अर्ज कागदावर होता. कागद आणि टाक असला की झालं. आज तो अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सगळं त्या एका चौकटीतून. म्हणजे पूर्वी सरकारी कचेरीला जी खिडकी होती, जिच्यासमोर आपला बाप टोपी काढून उभा राहायचा, ती खिडकी आता पडद्यावर आली. त्या खिडकीचं नाव ब्राउझर. ती उघडली नाही तर वर्षाची फी गेली. फी गेली तर पोरगी कॉलेजातून घरी आली. घरी आली तर तिचं लग्न ठरलं. एवढी लांब साखळी त्या एका न दाबल्या जाणाऱ्या बटणाला बांधलेली आहे.

कोणी म्हणेल, मोबाईलवर भर ना. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप बिगारीवर. ओटीपी येतो तेव्हा बाप स्लॅबवर असतो. आणि फोन तरी कुठे नवा असतो? अँड्रॉइड ७ वाल्या फोनांसाठी क्रोम २०२३ सालीच ११९ नंबरवर थांबला. जुन्याचं दुखणं मोबाईललाही आहे. आणि पानंच्या पानं अर्ज, दाखल्यांच्या फाइली, बोटाएवढ्या पडद्यावर भरून बघा म्हणजे कळेल.

आता मूळ गोष्ट. ब्राउझर करतो काय? दूरच्या मशीनकडून मजकूर आणतो आणि आपल्याला वाचता येईल असा मांडतो. आपण लिहिलेलं परत तिकडं पोचवतो. बस. तो टपालवाला आहे आणि वाचून दाखवणारा पण आहे. मग त्याच्यात जुना-नवा हा भेद कुठून आला? याला एक इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्याला फार ओळखीचा वाटेल.

१९९४ साली नेटस्केप नावाचा ब्राउझर आला. त्याचं घरातलं नाव मोझिला. पुढं तो पानावर वेगवेगळ्या चौकटी दाखवायला लागला, बाकीच्यांना ते येत नव्हतं. मग संकेतस्थळवाल्यांनी काय केलं? दारात पहारेकरी बसवला. जो येईल त्याला विचारायचं, तुझं नाव काय? मोझिला म्हणाला की पंगतीचं पान. दुसरं नाव सांगितलं की बाहेरच्या ओट्यावरचं साधं पान. १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला. पुढं त्यालाही त्या चौकटी जमायला लागल्या. पण त्याला काय येतं हे पहारेकरी विचारतच नव्हता, तो नाव विचारत होता. मग त्यानं काय केलं? स्वतःचं नाव 'मोझिला' असं सांगायला सुरुवात केली. आणि गंमत बघा, आज क्रोम घ्या, एज घ्या, सफारी घ्या, सगळे दारात पोचले की पहिला शब्द मोझिला असाच उच्चारतात. नेटस्केप मरून किती वर्षं झाली, पण त्याचं नाव लावल्याशिवाय अजून कोणाचं भागत नाही.

मित्रांनो, ही गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. शहरात खोली बघायला गेलं की घरमालक पहिल्यांदा काय विचारतो? भाडं देशील का, हे नाही विचारत. आडनाव विचारतो. मग आपल्यातले काही जण गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव करतात आणि दार उघडतं. माणूस तोच, पैसे तेच, फक्त नाव बदललं. कॉम्प्युटरच्या दुनियेतसुद्धा हीच लबाडी शिकवली गेली. जो शहाणा प्रोग्रामर असतो तो ब्राउझरचं नाव विचारत नाही. तो विचारतो, तुला हे काम येतं का? येत असेल तर कर, नसेल येत तर मी साध्या पद्धतीनं देतो. पण शहाणे थोडे. म्हणून आजही पुष्कळ पानं नाव आणि नंबर बघून हाकलून देतात.

आणखी एक इतिहास. मायक्रोसॉफ्टनं आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट बांधून दिला. नेटस्केपचा गळा आवळला गेला. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारनंच मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. पण बाजार एकाच्या हातात जायचा तो गेलाच. २००१ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला आणि २००६ पर्यंत पुढचा नंबरच आला नाही. पाच वर्षं! स्पर्धा मेली की मालक झोपतो, हा नियम सूतगिरणीला लागू आहे तसा इथंही आहे. त्या काळात सरकारी आणि बँकांची पानं त्याच एका ब्राउझरच्या मापानं शिवली गेली. खाली पाटी असायची, 'हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चांगलं दिसेल'. मग १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं तोच इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला. ज्यांनी त्याच्या मापानं सगळं शिवलं होतं त्यांची पंचाईत. मालकाच्या भरवशावर राहिलेल्या कुळाची होते तशी.

मरताना नेटस्केपनं एक चांगलं काम केलं. १९९८ साली आपला सगळा कोड जगाला उघडा करून दिला. त्यातून फायरफॉक्स जन्मला, ९ नोव्हेंबर २००४ ला त्याचा पहिला नंबर आला. जुन्या मशीनवाल्यांना आज जो थोडाफार आधार आहे तो त्याचाच. दुसरीकडं, २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा गूगलच्या क्रोमियमवरच उभा आहे. म्हणजे मालक बदलला, मक्ता तसाच.

आता माझ्या गोदीतली गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय मागतोय ते कळेल. वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी ज्या मुंबईच्या गोदीतून सातासमुद्रापार गेल्या त्या गोदीत पूर्वी सगळा माल सुटा यायचा. पोती, पिंपं, पेट्या, गाठी. प्रत्येकाचं माप वेगळं, प्रत्येकाला हमालांची वेगळी टोळी, वेगळा आकडा. मग कंटेनर आला. वीस फूट आणि चाळीस फूट. आठही कोपऱ्यांना ठरलेल्या मापाचे पोलादी कान. जहाज कुठलंही असो, क्रेन कुठल्याही कंपनीची असो, ट्रेलर जुना असो का नवा, ते कान सगळ्यांना धरता येतात. आत काय भरलंय त्याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही. या कंटेनरनं आमच्या टोळ्याच्या टोळ्या खाल्ल्या. ते दुःख वेगळं, त्यावर पुन्हा बोलू. पण माप जगभर एक ठरवलं की काय होतं ते मी रोज डोळ्यानं बघतो.

वेबचंही तसंच ठरलं होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली जी संस्था काढली, डब्ल्यू३सी, तिचं कामच हे की पान लिहायचं माप एक असावं, म्हणजे कोणत्याही ब्राउझरला ते धरता येईल. अर्जाच्या रकान्यात नाव लिहायचं, मार्क लिहायचे, खाली 'सबमिट' दाबायचं, एवढी सोय १९९५ सालच्या एचटीएमएल २ मध्येच होती. लक्षात घ्या. नाव, गाव, मार्क, दाखल्याचा नंबर, एवढं टिपून घ्यायला नवा ब्राउझर लागत नाही. ज्यानं असं पान बनवलं की ज्याला २०२४ चीच क्रेन लागते, त्यानं कंटेनरचे कान कापून टाकलेत.

पण थांबा. आता दुसरी बाजू सांगतो, कारण आपण नुसत्या घोषणा द्यायला बसलो नाही. अडवणूक दोन प्रकारची असते. एक उगाचची, ती मी सांगितली. दुसरी खरी. तुमचा आधार नंबर, बँकेचा खाते नंबर, ओटीपी हे तारेतून जातं. वाटेत कोणी वाचू नये म्हणून त्याला कुलूप घातलेलं असतं. जुनी कुलपं चोरांना उघडता यायला लागली. म्हणून २०२० साली सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ ही जुनी कुलपं बंद केली. १.२ किंवा त्याच्या पुढचं हवं. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ला हे कुलूप येत नाही. तो दारात गेला की बाहेरच राहतो. ही मुजोरी नाही. हे आपल्याच सामानाचं कुलूप आहे. ते तोडायला जाऊ नका. असला इशारा आला की 'तरीही पुढे जा' दाबायची काही पोट्ट्यांना सवय आहे. अर्जाच्या पानावर आणि बँकेच्या पानावर ती सवय सोडा.

मात्र या कुलपाच्या नावाखाली एक साधा बिघाड लपलेला असतो, तो ओळखा. फ्रेजरपुऱ्यातल्या दोन नंबरच्या मशीनवर कुठलंच पान उघडेना. प्रत्येक पानावर 'कनेक्शन सुरक्षित नाही'. सगळे म्हणाले, ब्राउझर गेला. काही गेलं नव्हतं. खाली कोपऱ्यात तारीख होती २००५ ची. मशीनच्या पाटीवर एक बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२. तो मेला की मशीन दर वेळी जुन्या तारखेला उठतं. आणि संकेतस्थळाच्या ओळखपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मशीनला वाटतं, हे ओळखपत्र अजून जन्मलंच नाही! नवा सेल टाकला, तारीख लावली, मशीन सुरू. तेव्हा ब्राउझरला शिव्या देण्याआधी घड्याळ बघा.

दुसरा बिघाड ओळखपत्रं देणाऱ्या संस्थांचा. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाच्या एका मूळ ओळखपत्राची मुदत संपली. जगातली लाखो पानं त्याच्या शब्दावर चालत होती. ज्या जुन्या मशीनला नव्या मूळ ओळखपत्राची खबर नव्हती तिथं ती पानं बंद पडली. पण फायरफॉक्स ओळखपत्रांची स्वतःची वही बाळगतो, विंडोजच्या वहीवर अवलंबून नसतो. म्हणून जुन्या विंडोजवर क्रोम आणि इंटरनेट एक्स्प्लोरर अडले तरी तिथं फायरफॉक्स पुष्कळदा चालतो. हे लक्षात ठेवा, कामाला येईल.

आता प्रत्यक्ष निवड. वही काढा.

आधी मशीन ओळखा. 'माय कॉम्प्युटर'वर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज'. तिथं तीन गोष्टी दिसतील: विंडोज कोणतं, रॅम किती, ३२ बिट की ६४. या तीन गोष्टी कळल्याशिवाय नेटवरून काहीही उतरवून बसवू नका.

विंडोज एक्सपी असेल तर: मायक्रोसॉफ्टनं त्याला ८ एप्रिल २०१४ पासून वाऱ्यावर सोडलंय. त्यावर क्रोम ४९ पर्यंत चालतो, तो २०१६ चा. फायरफॉक्स ५२ ईएसआर पर्यंत चालतो, त्याची डागडुजी २०१८ ला संपली. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ पर्यंत. यातला निवडायचाच तर फायरफॉक्स ५२. मायपाल, सुपरमियम असे काही लोकांनी मेहनतीनं चालवलेले ब्राउझर एक्सपीवर बसतात, नवी पानं उघडतात. त्यांची मेहनत मोठी आहे. पण खालचं विंडोजच भोकाचं असेल तर वर चांगली खिडकी बसवून घर राखलं जात नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: एक्सपीवर वाचा, टाइप करा, जुन्या प्रश्नपत्रिका बघा. आधार, बँक, ओटीपी एक्सपीवर टाकू नका.

विंडोज ७ असेल तर: मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोम १०९ वर थांबला, जानेवारी २०२३. एजही १०९ वरच. इंटरनेट एक्स्प्लोरर ११. आणि फायरफॉक्स ११५ ईएसआर, २०२३ चा. ईएसआर म्हणजे जो दर महिन्याला रूप बदलत नाही, फक्त भोकं बुजवत राहतो. विंडोज ७ वाल्यांसाठी ११५ ची मुदत मोझिलानं पुन्हा पुन्हा वाढवली. तुम्ही बसवाल त्या दिवशी ती चालू आहे का ते आधी तपासा. या मशीनवर तोच पहिला ब्राउझर ठेवा. क्रोम १०९ हातचा म्हणून ठेवा, कारण काही पानं क्रोमचंच नाव मागतात.

विंडोज १० चं काय? त्याचाही फुकटचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. म्हणजे धडधाकट चालणारी मशीनं एका तारखेला म्हातारी ठरवली. आता ती ऑफिसांतून भंगारात निघतील. पोट्ट्यांनो, तिकडं डोळा ठेवा. आपल्या एक्सपीवाल्या डबड्यापेक्षा ती लाखपट बरी. त्यांच्यावर क्रोम, फायरफॉक्स अजून नवे चालतात.

आणि तिसरा रस्ता लिनक्सचा. ६४ बिटचं मशीन असेल, दोन-चार जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती फुकट मिळते आणि तिच्यावर आजचा फायरफॉक्स चालतो. मशीन तेच, फक्त मालक बदलायचा. ३२ बिटचं असेल तर जरा कठीण, क्रोमनं ३२ बिट लिनक्सला २०१६ सालीच रामराम केला. तरी अँटिएक्ससारखं हलकं लिनक्स त्यावर उठतं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, पटलं तर बसवा.

आता अदलाबदल कशी करायची. इंटरनेट एक्स्प्लोररचा एका मशीनवर एकच नंबर राहतो, तो विंडोजमध्ये शिवलेला असतो. फायरफॉक्सचं तसं नाही. दोन नंबर दोन वेगळ्या फोल्डरांत बसवता येतात. पण एक सांभाळा: प्रत्येकाला वेगळी 'प्रोफाइल' द्या. प्रोफाइल म्हणजे त्याचं गाठोडं: खुणा, पासवर्ड, सवयी. पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोफाइल्स' लिहिलं की ती पाटी उघडते. नव्या नंबरनं गाठोडं आपल्या पद्धतीनं बांधलं की जुन्याला ते सोडता येत नाही. २०१९ च्या ६७ नंबरपासून तर फायरफॉक्स स्वतःच अडवतो आणि नवं गाठोडं कर म्हणतो. म्हणून बदलायच्या आधी खुणांची नक्कल पेनड्राइव्हवर काढा. आणि जो जुना नंबर मुद्दाम ठेवलाय त्याला आपोआप नवा होऊ देऊ नका, सेटिंगमध्ये 'विचारल्याशिवाय नको' असं सांगून ठेवा.

एखादं पान अडलं तर उगाचची अडवणूक की खरी, हे कसं ओळखायचं? 'यूजर एजंट' बदलणारं छोटं जोडकाम मिळतं. त्यानं ब्राउझर दारात दुसरं नाव सांगतो. नाव बदलल्याबरोबर पान नीट उघडलं, बटण दाबलं गेलं, तर समजा पहारेकरी नुसता आडनाव विचारत होता. आणि नाव बदलूनही पान पांढरं फटक राहिलं, तर ब्राउझरला ते काम खरंच येत नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चं असंच होतं. २०१५ साली जावास्क्रिप्टचं जे नवं व्याकरण ठरलं ते त्यानं कधी पुरतं शिकलंच नाही. तिथं वेळ घालवू नका, दुसऱ्या मशीनवर जा. उलट एखादं जुनं पान इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल तर विंडोज १० किंवा ११ वरच्या एजमध्ये 'आयई मोड' आहे, तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय.

आपल्या भाषेचंही एक सांगायचं राहिलं. एक्सपीवर मराठी पान उघडलं की 'कविता'तली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन पडते. पोरं म्हणतात ब्राउझर खराब. ब्राउझर खराब नाही. एक्सपी बसवताना आपली लिपी पर्यायी ठेवली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'वर खूण करावी लागते, वर मूळ सीडी लागते. आपली लिपी त्यांच्या लेखी 'कॉम्प्लेक्स', म्हणजे गुंतागुंतीची! दोन हजार सालाच्या आगेमागे मराठी वर्तमानपत्रांची पानं तर स्वतःच्या फॉन्टवर चालायची. फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोड आला म्हणून आज कुठल्याही ब्राउझरवर मराठी वाचता येतं. एक माप सगळ्यांना लागू झालं की काय होतं, त्याचा हा आपल्याच भाषेतला दाखला आहे.

अभ्यासिकेतलं मशीन दहा जणांचं असतं. दुसऱ्याच्या शिष्यवृत्तीचा खाते नंबर तिसऱ्याला दिसता कामा नये. अर्ज भरायचा तर 'प्रायव्हेट विंडो' उघडा, पासवर्ड साठवू का विचारलं तर नाही म्हणा, उठताना लॉगआउट करा. ही शिस्त ब्राउझर जुना असो का नवा, सारखीच.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं गेलं. गिनीज बुकात नाव गेलं. चांगली गोष्ट आहे, त्या रस्त्यानं बरीच वर्षं हाडं खिळखिळी केली होती. पण त्या रस्त्यावरून आज बैलगाडीपण जाते, एसटीपण जाते, एक लाखाची मोटारसायकलपण जाते. '२०२३ नंतरच्या गाड्यांनाच प्रवेश' अशी पाटी कोणी लावली तर वऱ्हाड पेटेल. मग सार्वजनिक संकेतस्थळावर तशी पाटी लावली तर आपण मान खाली घालून घरी काहून जातो?

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं सांगतो. शेवटच्या तारखेला एका सरकारी पानावर तिचं 'पुढे' हे बटण दाबलंच जाईना. कॉम्प्युटर सेंटरवाला म्हणाला, तुमचं मशीन भंगार. तिनं त्याच्याकडं पैसे मोजून अर्ज भरला. घरी येऊन आईला म्हणाली, "माझीच चूक झाली, मले कॉम्प्युटर येत नाही." बघा, बटण दुसऱ्यानं बनवलं, आणि चूक हिची! हजारो वर्षं आपल्याला हेच शिकवलं गेलं की दार बंद असेल तर दोष तुमच्या जन्मात आहे. आता म्हणतात दोष तुमच्या मशीनमध्ये आहे.

केंद्राच्या एनआयसीनं २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पुढं त्या सुधारल्याही. संकेतस्थळ वेगवेगळ्या ब्राउझरांवर तपासलेलं असावं, ही गोष्ट त्यात आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही. त्यांनीच लिहिलेलं त्यांना वाचून दाखवतोय.

म्हणून काम ठरवू. प्रत्येक अभ्यासिकेत एक वही. पहिल्या पानावर प्रत्येक मशीनची कुंडली: विंडोज, रॅम, ब्राउझर, नंबर, सेल कधी बदलला. पुढच्या पानांवर नोंद: कोणतं पान, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या ब्राउझरवर अडलं, पडद्यावर कोणते शब्द आले, नाव बदलून उघडलं का. पडद्याचा फोटो काढा. कुलपामुळं अडलं असेल तर तसं लिहा, खोटं लिहू नका. आडनाव विचारून अडवलं असेल तर त्याखाली लाल रेघ. अशा पन्नास लाल रेघा झाल्या की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा: हे पान कोणत्या कोणत्या ब्राउझरवर तपासलं होतं, कोणी तपासलं, तपासणीची प्रत द्या. शेवटची तारीख वाढवून मागायची तर निवेदनाला ती वही जोडायची. रडणं आणि पुरावा यात फरक असतो. रडण्याला ते सहानुभूती देतात, पुराव्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि अर्ज शेवटच्या दिवसावर टाकू नका. मुदत सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात सातही मशीनवर ते पान उघडून बघायचं. जे मशीन चालेल त्याच्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'अर्ज इथं'. एक्सपीवाल्यांवर चिठ्ठी, 'फक्त अभ्यास'. हे काम मोठ्या पोरींनी हातात घ्यावं, कारण अर्ज अडला की पहिली शाळा त्यांची सुटते.

सेल मी मुंबईहून आणलेत. सात आहेत. बैठक संपली की तीन अकोट फैलवाल्यांनी घ्या, चार अमरावतीवाल्यांनी. उद्या सकाळी पहिलं काम तारीख लावायचं.

जयभीम.